न पडलेली भिंत

१

आमच्या केंद्रात सकाळचं पहिलं काम ठरलेलं असतं. आदल्या दिवसापासून जमीन किती हलली ते पाहायचं. हलते ती रोजच. शहरात, टेकड्यांत, धरणाजवळ आमची भूकंपमापक यंत्रं पुरून ठेवली आहेत आणि त्यांच्या रेषा भिंतीवरच्या पडद्यांवर सरकत असतात. ट्रक गेला तरी रेषा थरथरते, जोराचा वारा सुटला तरी थरथरते. त्यातून खरे धक्के निवडायचे, ते कुठे झाले ते काढायचं, नकाशावर ठिपके द्यायचे. मग चहा. चहानंतर फोन.

फोनवर लोक एकच गोष्ट विचारतात. कधी होणार? कुणाची मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार असते, कुणाला वरचा मजला चढवायचा असतो. नळ माझ्या हातात असल्यासारखं ते विचारतात, तोवर थांबेल ना? मी त्यांना सांगते, की टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीत एक जुनी भेग आहे. ती पूर्वी एकदा सरकली होती तेव्हा हे शहर अर्धं जमीनदोस्त झालं होतं. ते पाहिलेलं आज कुणीही हयात नाही. तेव्हापासून भेगेवर ताण साठतोय, म्हणजे ती पुन्हा सरकणार. कुठे ते सांगता येतं, साधारण केवढा हेही सांगता येतं. कधी, ते सांगता येत नाही. येत्या तीस वर्षांत होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, एवढंच.

एकदा एका गृहस्थांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमचा उपयोग काय?" मी घरी हे सांगितलं तर माझा नवरा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. त्यानंतर माझ्या हातून दूध उतू गेलं, किल्ली हरवली, की तो तेच वाक्य त्या गृहस्थांच्या आवाजात म्हणायचा.

हे सांगायचं कारण, माझा स्वभाव कळावा. मी आकडे मानणारी बाई आहे. कुणी सांगितलं की कुत्री आधी भुंकतात, की मी विचारते, ती इतर दिवशी भुंकत नाहीत का?

२

त्या वर्षी नवऱ्याची आत्या आमच्याकडे राहायला आली. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते आणि थेंब घालायला कुणीतरी हवं होतं. नवऱ्याची आई तो लहान असतानाच गेली, त्याला आत्यानेच वाढवलं. ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सिस्टर होती, निवृत्त झाली तरी आवाज वॉर्डातलाच राहिला. पट्टी निघाली त्या दिवशी घरभर फिरून ती म्हणाली, हे घर इतकं कळकट आहे हे आधी दिसलं असतं तर मी आलेच नसते. आणि झाडू घेऊन कामाला लागली.

आमच्या पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला एक अरुंद पॅसेज आहे. एका सकाळी आत्या माझ्यापुढे चालली होती, शेजारणीच्या सुनेबद्दल काहीबाही सांगत. पॅसेजच्या मध्यावर तिने डावा हात भिंतीला टेकला, अंग तिरकं केलं, उजवा पाय चांगला गुडघ्याइतका उचलला, पलीकडे ठेवला, मग दुसरा. आणि सरळ होऊन पुढे गेली. बोलणं कुठे थांबलं नाही.

खाली काही नव्हतं. पुसलेली फरशी होती.

मला वाटलं, डोळे अजून बसले नसतील, सावली पायरीसारखी दिसली असेल. मी विचारलं तर तिला कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. "सरळ तर आले मी," ती म्हणाली. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. नेहमी त्याच जागी, भिंतीला हात त्याच उंचीवर. एखादी सवय अंगात मुरली की माणूस तिच्याकडे बघत नाही, तसं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, यांची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे.

३

मग एक दिवस नवरा हातात चहाचा ट्रे घेऊन आला आणि त्याच जागी तिरका झाला.

मी त्याला थांबवलं, पुन्हा चालायला लावलं. लक्ष देऊन चालला तेव्हा सरळ चालला, पण मधल्या पावलाला त्याचा चेहरा आंबट झाला. म्हणाला, इथे जरा नको वाटतं, का कोण जाणे. मी म्हणाले, आत्याचं बघून तू करायला लागलास. जांभई नाही का एकाची बघून दुसऱ्याला येते. हे त्याला पटलं. मलाही पटलं.

आत्याला मात्र हा विषय आवडला नाही. वेडीबिडी समजता का मला, असं म्हणून ती तरातरा उठली आणि आमच्या देखत पॅसेजमधून सरळ चालत गेली, पाय न उचलता. मध्यावर जराशी अडखळली, पण गेली. स्वयंपाकघरात पोचून खुर्चीत बसली आणि घोटा चोळायला लागली.

मी साडीचा काठ वर करून पाहिला. घोट्याच्या वर लांबट खरचटलं होतं. रक्त आलं नव्हतं, पण कातडी सोलली होती, आणि त्यावर बारीक तांबूस भुकटी होती. मी बोटाने पुसून घेतली. विटेची होती.

भिंतींना आमच्याकडे पांढरा गिलावा आहे. मी वाकून फरशी पाहिली, कोपरे पाहिले, भिंतीवरून हात फिरवला. पाय कशाला लागला, असं नवऱ्याने विचारलं तर आत्या म्हणाली, "लागला असेल कशाला तरी. पसारा काय कमी आहे इथे?" आणि रिकाम्या पॅसेजकडे तिने अशा कंटाळ्याने पाहिलं, की जणू तिथे खरंच बरेच दिवसांचा पसारा पडला आहे आणि आम्ही दोघं आळशी आहोत.

त्या रात्री मी शांत झोपले. कारण मी स्वतःला सांगितलं होतं, बाहेरच्या कठड्याला घासलं असेल. दुसऱ्या दिवशी केंद्रात जायला निघाले आणि दारापाशी पोचल्यावर लक्षात आलं, की पॅसेजमधून येताना माझाही डावा हात भिंतीला लागला होता.

४

एकदा नजर बसली की मग सगळीकडे दिसायला लागलं.

नवरा काम करतो त्या वाचनालयाच्या गल्लीत लोक फुटपाथ सोडून रस्त्याच्या मधून चालत होते. मोटारी हॉर्न वाजवत होत्या, तरी कुणी फुटपाथवर जात नव्हतं. आमचा बसचालक त्या गल्लीच्या तोंडाशी गाडी सावकाश करायचा आणि मोकळ्या रस्त्यावर मोठा वळसा घ्यायचा. मी एकदा त्याला विचारलं. त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. म्हणाला, वळणच आहे ना इथे, बाई.

दुकानांच्या रांगेपुढे बायका एका ठिकाणी पदर सावरून, पिशव्या उचलून काहीतरी ओलांडायच्या. शाळेची मुलं एकामागे एक उड्या मारून जायची. कुणाच्या तोंडावर भीती नव्हती. खोदकाम चाललेल्या रस्त्याची माणसांना सवय होते ना, तशी सगळ्यांना कशाची तरी सवय झाली होती. फक्त ते अजून झालेलं नव्हतं.

हे वाक्य मनात आलं तेव्हा मी बसमध्ये होते. मी ते झटकून टाकलं. केंद्रात जाऊन सगळ्या यंत्रांच्या रेषा बारकाईने पाहिल्या. भेग शांत होती. नेहमीपेक्षा जराशी जास्तच शांत, पण त्यालाही काही अर्थ नसतो. हे मीच लोकांना सांगते.

आणखी एक गोष्ट होती. लोक माझ्याशी फार चांगले वागायला लागले होते.

आमच्याकडे यंत्रं सांभाळणारा एक अभियंता आहे, त्याला आम्ही खडूस म्हणतो, तोंडावरही म्हणतो. आमचं रोज भांडण. तो आता माझ्या टेबलावर चहा आणून ठेवायला लागला. पाववाला मऊ पाव निवडून द्यायचा आणि म्हणायचा, ताई, खात जा वेळेवर. समोरच्या घरातल्या आजी, ज्यांनी पाणी सांडण्यावरून आमच्याशी बोलणं टाकलं होतं, त्या फाटकापाशी थांबल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. जरा वेळ धरून ठेवला. मग गोंधळून सोडला.

आमच्या संचालकांनी मला खोलीत बोलावलं. नव्या अंदाजाचा अहवाल माझ्याकडून द्यायचा राहिला होता. मला वाटलं, आता झाडणार. ते म्हणाले, "घाई करू नका. लागेल तेवढी रजा घ्या."

"रजा कशासाठी, सर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. भेटायला आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर ते असतं, घरातलं कुणी गेल्यावर. "नाही, सहज," ते म्हणाले. आणि स्वतःचंच वाक्य कुठून आलं ते शोधत असल्यासारखे कागद चाळायला लागले.

५

नवऱ्याचं मात्र उलटं चाललं होतं. सुरुवातीला त्याची आम्ही थट्टा केली.

बसमध्ये एक जाडजूड गृहस्थ थेट त्याच्या मांडीवरच बसायला गेले. दुकानात तो काउंटरला उभा असायचा आणि त्याच्यामागच्या माणसाला विचारलं जायचं, काय देऊ? घरी येऊन तो नकला करून दाखवायचा. म्हणायचा, ग्रंथपाल झाल्यापासून मला कुणी बघत नव्हतंच, आता ते सिद्ध झालं एवढंच.

आत्याला डोळे दाखवायला आम्ही तिघं गेलो. खिडकीतल्या मुलीने मला विचारलं, "तुम्ही दोघीच असता का घरी? थेंब घालायला कुणी आहे ना?" तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. तो म्हणाला, "मी आहे की." मुलगी माझ्याच उत्तराची वाट बघत राहिली. त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं तेव्हा ती दचकली आणि तिने माफी मागितली.

मग आत्या. तिला त्याच्याशिवाय घास जात नसे. एका दुपारी ती जेवणाची ताटं पुसून मांडत होती, माझं आणि तिचं. तो हात धुऊन आला, उभा राहिला, म्हणाला, "आत्या, माझं?" आत्याने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण का रडतोय हे तिला कळेना. तिने त्याला जवळ घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, डोळ्यांतले थेंब झोंबतात रे अजून. तो हसला, पण त्या दिवसापासून त्याने नकला करणं सोडलं.

माझ्या मनाला मी बरीच कारणं सांगत होते. तो आधीच हळू बोलतो. आत्याचं वय झालंय. माणसं आपल्याच नादात असतात. या कारणांत मी रोज एखादं जास्त जोडत होते, अहवाल लिहिताना जोडते तसं.

रविवारी सकाळी मी चहा टाकला. आत्याला कप दिला, माझा घेऊन खिडकीशी बसले. बाहेर ऊन छान पडलं होतं. अर्धा कप संपला होता तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला आणि त्याने रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "तू सुद्धा?"

आणि मला जाणवलं, की मी त्याला विसरले नव्हते. मला तो आठवत होता. गेलेलं माणूस आठवतं तसा.

६

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात न जाता त्याच्याबरोबर वाचनालयात गेले. गल्लीत शिरताना मी मुद्दाम फुटपाथवरून चालले. पायाखाली सपाट फरशी होती, पण प्रत्येक पाऊल कुठे टेकेल याची खात्री वाटत नव्हती. घसरड्या ढिगावरून चालताना पोटऱ्या ताणल्या जातात, तशा माझ्या ताणल्या गेल्या. तो मात्र शीळ घालत सरळ चालत होता. अख्ख्या गल्लीत तो एकटाच तसा चालत होता.

वाचनालय जुनं, विटांचं. वाचनकक्षाची लांब भिंत रस्त्याकडे, तिला उंच खिडक्या, आणि मधल्या खिडकीखाली त्याचं टेबल. कक्ष रिकामा होता. सकाळच्या वेळी इथे बसायला जागा मिळत नसे. वाचक बाहेरच्या अंगणात, पायऱ्यांवर, कुंपणाच्या कट्ट्यावर बसून वाचत होते. तो म्हणाला, अलीकडे असंच चाललंय, दारातूनच पुस्तक मागतात आणि बाहेर जातात, ऊन आवडत असेल.

मी दारात उभी राहिले आणि एक गोष्ट केली. डोळे मिटून आत चालायला लागले, पाय नेतील तसे. पायांनी मला टेबलांमधून वळवलं, एका जागी वर चढवलं, एका जागी वाकवलं. मग ते थांबले आणि पुढे जाईनात. मी डोळे उघडले. मी त्याच्या टेबलापासून हातभर अंतरावर होते आणि माझी मान खाली झुकलेली होती. आपोआप.

तो टेबलामागून माझ्याकडे बघत होता. "काय झालं गं?" त्याने विचारलं. मी त्याचा हात धरला. गरम होता. नेहमीसारखा शाईचा डाग होता बोटाला.

"तू इथून ऊठ," मी म्हणाले.

७

संचालकांकडे जाताना मी खरं ते सगळं पाठ करून गेले. वाचनालय भरून काढलेल्या जुन्या तळ्यावर उभं आहे. तिथली माती मऊ आहे, धक्का आला तर जास्त हलेल. इमारत विटांची, जुनी. यातलं काहीच नवीन नव्हतं. हे सगळं आमच्या नकाशांत कित्येक वर्षं होतं, आणि शहरात अशा इमारती पुष्कळ होत्या.

"मग हीच का? आणि आत्ताच का?" त्यांनी विचारलं.

"मला सांगता येत नाही, सर."

असं उत्तर एरवी त्यांनी चालवून घेतलं नसतं. पण त्या दिवसांत मला कुणी नाही म्हणतच नव्हतं. त्यांनी पुन्हा त्या भेटायला आल्यासारख्या नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि तपासणीच्या पत्रावर सही केली. लोकांची माझ्याबद्दलची ती कणव मी नवऱ्याला वाचवायला वापरली.

तपासणीला बांधकाम अभियंता बाई आल्या. त्यांनी खिडकीखाली भिंतीला एक भोक पाडलं, आत बॅटरी मारली आणि मला बोलावलं. दोन पातळ भिंती होत्या, समोरासमोर, आणि मधे नुसता भुगा आणि दगड भरलेले. एकमेकींना कुठे बांधलेल्या नव्हत्या. ही भिंत धक्क्याची वाट बघत नाहीये, त्या म्हणाल्या, ही उपकार म्हणून उभी आहे. त्याच आठवड्यात वाचनालयाला कुलूप लागलं. नंतर भिंत उतरवायचं ठरलं.

आमच्या घरीही मी त्यांना आणलं. पॅसेजच्या वर माळा आहे, त्याला मागच्या मालकाने विटांची आडवी भिंत घातली होती, कशाच्याही आधाराशिवाय. गवंड्याने ती सकाळी उतरवायला घेतली आणि दुपारी संपवली. तांबूस विटांचा ढीग पॅसेजमध्ये पडला. आत्या आली, तिने डावा हात भिंतीला टेकला, उजवा पाय उचलला आणि ढीग ओलांडून गेली. या खेपेला ओलांडायला तिथे काहीतरी होतं. ढीग उचलून नेल्यावर ती सरळ चालायला लागली. नवराही. मीही.

तो माझ्यावर चिडला होता. पुस्तकं पत्र्याच्या शेडमध्ये हलवली गेली, वाचनकक्ष गेला, आणि हे बायकोने केलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बरेच दिवस तो माझ्याशी तुटक बोलला. मला त्याचं काही वाटलं नाही. कारण शेडच्या दारात पहिल्याच दिवशी एक म्हातारे वाचक त्याला दुरून हाक मारून म्हणाले, "अहो, होतात कुठे तुम्ही?" पाववाल्याने त्याच्याकडे जुनी उधारी मागितली. बसमध्ये त्याला कुणीतरी कोपराने ढोसलं आणि वर त्याच्याशीच भांडलं. तो ते सांगत घरी आला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

८

खडूसने चहा आणणं बंद केलं. अहवालाबद्दल संचालकांनी मला चांगलंच झाडलं. वाचनालयाची भिंत उतरली तशी गल्लीतली माणसं फुटपाथवर परतली. आमचा बसचालक सरळ जायला लागला. दुकानांपुढच्या बायका अजून ओलांडत होत्या, तेव्हा मी अभियंता बाईंना तिथल्या छज्ज्यांचं सांगितलं. हळूहळू तेही झालं. मी शहरभर फिरायचे, दुपारच्या सुट्टीत, माणसांचे पाय बघत. कुठे वळसा दिसला की कुणाला तरी गाठायचे. शेवटी वळसे दिसेनासे झाले. मला वाटलं, संपलं.

मग समोरच्या आजी फाटकापाशी थांबल्या आणि त्यांनी माझ्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला.

मी मागेच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पाववाला त्याला मऊ पाव निवडून देऊ लागला. शेडमध्ये वाचायला येणाऱ्या मुलींनी त्याच्या टेबलावर फुलं ठेवली, का ते त्यांना सांगता आलं नाही. आत्या दुपारी त्याच्या डोक्याला तेल लावून द्यायला लागली, लहानपणी लावायची तसं, आणि लावता लावता तिचा हात मधेच थांबायचा. तो बिचारा म्हणायचा, सगळे एकदम इतके चांगले का वागतात? मी म्हणायचे, आधी वाईट वागले त्याची भरपाई. त्याला पटायचं.

मी पुन्हा रस्त्यांवर फिरले. केंद्राच्या इमारतीत डोळे मिटून चालले, जिन्यावर, तळघरात, यंत्रांच्या खड्ड्यांपाशी. घरात चालले. पाय कुठेच अडले नाहीत, कुठेच मान झुकली नाही. जे व्हायचं ते अशा एखाद्या जागी होतं जी मी पाहिलेली नव्हती, किंवा अशा भिंतीखाली, जी अजून बांधलेलीच नव्हती.

त्या दिवसांत फोनवर लोक विचारायचे, कधी? मी तेच उत्तर द्यायचे. पण आता फोन लवकर ठेवत नसे. एक बाई होती, तिला झोप लागत नव्हती म्हणाली. तिला मी बिछान्याजवळचं कपाट भिंतीला पक्कं करायला सांगितलं, चपला जवळ ठेवायला सांगितलं. मग आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. तिलाही बरं वाटलं, मलाही.

९

त्यानंतर एका दुपारी मी लवकर घरी आले. आत्या शेजारी गेली होती. आमच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत तो पलंगावर बसून माझे कपडे आवरत होता.

शेजारी पुस्तकांचं एक रिकामं खोकं होतं. तो एकेक कपडा उचलायचा, मांडीवर घ्यायचा, हाताने सुरकुत्या काढायचा, घडी घालायचा आणि खोक्यात ठेवायचा. घाई नव्हती. माझा निळा स्वेटर त्याने उचलला आणि तोंडाशी धरला. बराच वेळ धरला.

मी दारातच राहिले. आणि तेव्हा खोलीतला उजेड बदलला.

आमच्या खोलीला एकच खिडकी आहे, दुपारी तिच्यातून ऊन येत नाही. पण ते ऊन वरून येत होतं. त्याच्या खांद्यांवर, पलंगावर, खोक्यावर सरळ पडलं होतं, मोकळ्या आभाळाखाली पडतं तसं, आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. पलंग आमचा नव्हता. भिंतीचा रंग आमचा नव्हता. आणि त्याचे केस पांढरे होते. पूर्ण पांढरे.

मग मी श्वास घेतला असेन. त्याने मान वळवली. त्याने मला पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की मला तो सहन होईना. मी दाराला धरलं. उजेड नेहमीचा झाला होता. केस काळे होते, कानांपाशी थोडे पिकलेले, सकाळी होते तेवढेच.

त्याने मांडीवरच्या स्वेटरकडे पाहिलं. "हे मी काय करतोय?" तो म्हणाला.

"कपाट आवरत होतास," मी म्हणाले. "चांगलं केलंस. मी कधीची म्हणते आहे."

मी त्याच्याशेजारी बसले. आम्ही दोघांनी खोकं रिकामं केलं. तो एकेक कपडा काढून माझ्या हातात द्यायचा, मी कपाटात ठेवायचे. स्वेटर त्याने शेवटी दिला. मधेच मी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि तळवा उजेडात धरून पाहिला. तळव्याला काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी रोज त्या दाराशी मनाने जाऊन उभी राहते. नीट आठवायचा प्रयत्न करते. त्याची पाठ वाकली होती का? हात थरथरत होते का? स्वेटर विरलेला होता का? कारण धुळीनेही केस पांढरे होतात, आणि वयानेही होतात. ते वयाने झालेले असतील, तर आम्हाला पुष्कळ वर्षं आहेत.